वसंतातील घाटवाटा आणि मोटारसायकलचा प्रवास

महाराष्ट्राच्या पश्चिमेस उत्तर-दक्षिण पसरलेल्या सह्याद्रीने देश आणि कोकण हे दोन भूभाग वेगळे केले, तर घाटरस्त्यांनी ते पुन्हा जोडले. वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, आंबोली ही नावे त्यामुळेच सर्वपरिचित आहेत. फाल्गुन-चैत्रात पळस आणि पांगारा फुलला, आंब्यास मोहर आला, की या वाटांवर मोटारसायकलने भ्रमंतीस निघणाऱ्या तरुणांची संख्या वाढते. हा छंद निकोप आहे. मात्र घाटातील प्रवासाचा आनंद आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी घरी बसून केलेल्या आखणीवरच अवलंबून असतात.

अंतर नव्हे, वेळ मोजावा

आखणीतील नेहमीची चूक म्हणजे केवळ किलोमीटरवरून हिशेब करणे. सपाटीवर जे ४० किलोमीटर अंतर पाऊण तासात कापले जाते, त्यासाठीच वळणावळणाच्या घाटात दीड ते दोन तास लागतात. हा फरक लक्षात न घेतल्यास प्रवासी उशिरा घाटात पोहोचतो आणि गेलेला वेळ भरून काढण्यासाठी वेग वाढवितो. वेग दुप्पट झाला, की गतिरोधक दाबल्यापासून वाहन थांबेपर्यंतचे अंतर जवळजवळ चौपट होते. आंधळ्या वळणावर तेवढी जागा मिळत नाही. म्हणून घाईचे मूळ आखणीतच नाहीसे करणे आवश्यक ठरते.

चार दिवसांचा एक मार्ग

पुण्याहून निघणाऱ्यांसाठी एक सोयीचा मार्ग उदाहरणादाखल घेता येईल. पहिल्या दिवशी वाई व पसरणी घाटमार्गे महाबळेश्वर गाठावे. हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापगडाजवळून जाणाऱ्या आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून खेडमार्गे चिपळूणला मुक्काम करावा. तिसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट चढून कोयनानगर व पाटणवरून कराडला यावे आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमी विसावा घ्यावा. चौथ्या दिवशी महामार्गाने पुण्यास परतावे.

या आखणीत दोन्ही मोठे घाट सकाळच्या वेळी येतात, हे महत्त्वाचे. सह्याद्रीचा कोकणाकडील उतार पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी तो बराच काळ सावलीत असतो. दुपारनंतर कोकणात उतरणाऱ्याच्या डोळ्यांवर मावळतीचे ऊन येते व समोरचे वाहन दिसेनासे होते.

उताराचे शास्त्र

घाट उतरताना इंजिन बंद करणे अथवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे धोक्याचे आहे. इंधनाची किरकोळ बचत होते. परंतु वाहनाचा सर्व भार गतिरोधकांवर पडून ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. चढणीस जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन स्वतःच वाहनाचा वेग आवरते. वेग वळणापूर्वी कमी करावा, वळणावर नव्हे. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, हा घाटाचा नियम आहे. चालक व मागे बसणारा या दोघांनीही शिरस्त्राण वापरणे कायद्याने बंधनकारक आहे. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, साखळी, क्लचची तार व दिवे तपासून घ्यावेत.

ऋतूची लक्षणे

वसंतात निसरडे शेवाळ नसते. पण वळणांवर साचलेला वाळका पाचोळा व बारीक खडी तितकीच घसरडी असते. पावसाळ्यापूर्वीची रस्तादुरुस्तीही बहुधा याच महिन्यांत चालते. त्यामुळे रस्ता चालू असल्याची खात्री सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यालयाकडून आधीच करून घ्यावी. या दिवसांत डोंगरातील झरे आटतात, म्हणून पाणी सोबत ठेवावे. कोकणात शिमग्याच्या पालख्या रस्त्यावर असतात. तेथे वाहन थांबवून वाट देणे, ही सभ्यता होय. कोयनेचा परिसर २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. वाळलेल्या गवतावर टाकलेले एक जळते थोटूक वणवा पेटविण्यास पुरेसे असते, याचे भान प्रत्येकाने ठेवावे.

गावाचा वाटा

घाटातील अपघातस्थळी सर्वप्रथम पोहोचतात ते जवळच्या गावचे लोक. चौकशीचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने अनेक जण जखमीस हात लावण्यास कचरतात. ही भीती अनाठायी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात समाविष्ट झालेल्या १३४-अ कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविणे, १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घाटमाथ्यावर व पायथ्याशी ठळक लिहिणे, वळणावरील खडी वेळच्या वेळी झाडून घेणे, ही कामे ग्रामपंचायतीस अल्प खर्चात करता येतील. गिअरची मोटारसायकल चालविण्यास १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, हे शिक्षकांनी वर्गात व पालकसभेत आवर्जून सांगावे.

प्रवाशांनीही दिवसाचा मार्ग व पोहोचण्याची वेळ घरी कळवून ठेवावी, कारण घाटात दूरध्वनीचा संपर्क अनेक ठिकाणी तुटतो. प्रवाशाची आखणी आणि गावाची तत्परता यांची जोड मिळाली, तर अनेक घरांवर कोसळणारे संकट टळू शकेल.