परग्रहाच्या हवेतला गंधक

आगकाडी ओढली की पहिल्या क्षणी नाकात जो झणका जातो, तो सल्फर डायऑक्साइडचा. गंधक जळला की हा वायू होतो. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला गंधकाच्या भट्टीत तो मुद्दाम तयार करतात. खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीकरांना तर अशा गोष्टी नव्याने सांगायला नकोत. पाताळगंगेच्या काठाने रसायनी, मोहोपाडा, औद्योगिक वसाहत असा सगळा रसायनांचाच परिसर आहे. पाळीवर जाणाऱ्या माणसाला कुठला वास कुठल्या वायूचा, हे पुस्तक न उघडता कळतं.

हाच वायू २०२२ साली एका परक्या ग्रहाच्या हवेत सापडला. वास्प-३९ बी हे त्या ग्रहाचं नाव, आणि अंतर सुमारे ७०० प्रकाशवर्षं. देवगिरीच्या यादवांचं राज्य नुकतंच लयाला गेलं होतं, त्या सुमारास तिथून निघालेला उजेड आपल्याकडे आत्ता पोहोचला. तिथे कोणी गेलं नाही, जाणारही नाही. तो ग्रह वेगळा असा दिसतही नाही, दिसतो तो फक्त त्याचा तारा. तरीही त्याच्या हवेत काय आहे ते कळलं, आणि हे कसं घडलं ते समजून घेताना मन अक्षरशः थक्क होतं.

लोधिवलीतून पश्चिमेला कर्नाळ्याच्या बाजूला सूर्य उतरतो, तेव्हा तो तांबडा होतो. दुपारी त्याचे किरण डोक्यावरून सरळ खाली येतात. संध्याकाळी मात्र ते हवेतून तिरके, फार लांबचा पल्ला कापत येतात आणि वाटेत हवा त्यांच्यातला निळा भाग विखरून टाकते. आता हाच प्रकार दुरून बघायचा. परका ग्रह फिरत फिरत आपल्या ताऱ्यासमोर आला की ताऱ्याचा थोडा उजेड अडतो. याला अधिक्रमण म्हणतात. ग्रहाचं अपारदर्शक अंग सगळे रंग सारखेच अडवतं. पण त्याच्या कडेला हवेचं एक पातळ कडं असतं आणि त्यातून ताऱ्याचा उजेड तिरका आरपार येतो. त्या हवेतला प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा उजेड शोषून घेतो. त्यामुळे त्या तरंगलांबीला ग्रह किंचित मोठा भासतो.

किंचित म्हणजे किती, तेही पाहू. वास्प-३९ बी समोर आला की ताऱ्याचा उजेड सुमारे २.१ टक्क्यांनी उतरतो. अवरक्त उजेडात ४.३ मायक्रॉनच्या आसपास मात्र ही घट २.३ टक्क्यांच्या घरात जाते. वरचा तो दोन दशांश टक्के म्हणजे कार्बन डायऑक्साइड! जेम्स वेब दुर्बिणीने जुलै २०२२ मध्ये हे मोजलं आणि ऑगस्टमध्ये ते जाहीर झालं. सौरमालेबाहेरच्या ग्रहावर या वायूचा इतका निर्विवाद पुरावा त्याआधी मिळाला नव्हता.

त्याच मोजमापाच्या आलेखात ४ मायक्रॉनच्या जवळ आणखी एक लहानसा उंचवटा होता आणि तो कशाचा, हे सुरुवातीला कुणालाच सांगता येईना. हा ग्रह वजनाने शनीच्या जवळपास आणि आकाराने गुरूहून मोठा आहे. आपल्या ताऱ्याला तो इतका चिकटून फिरतो की ते अंतर बुध-सूर्य अंतराच्या जेमतेम आठव्या भागाएवढं आहे. चार दिवसांत त्याचं वर्ष संपतं आणि तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. अशा तापलेल्या, हायड्रोजनने भरलेल्या हवेत गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूच्या, रूपात असायला हवा. मग सल्फर डायऑक्साइड आला कुठून? उत्तर ताऱ्याच्या उजेडात सापडलं. त्यातले अतिनील किरण पाण्याच्या वाफेचे रेणू फोडतात. त्यातून सुटलेले तुकडे हायड्रोजन सल्फाइडमधून मोकळ्या झालेल्या गंधकाला गाठतात आणि टप्प्याटप्प्याने त्याला ऑक्सिजन जोडत जातात. आपल्या डोक्यावरचा ओझोनही असाच, सूर्याच्या उजेडाने घडवलेला आहे. दुसऱ्या सूर्याच्या उजेडात चाललेली अशी रासायनिक क्रिया माणसाने पहिल्यांदा पकडली ती या उंचवट्यात. माझ्या मते जेम्स वेबच्या सगळ्या देखण्या छायाचित्रांपेक्षा हा एक बारका उंचवटा मोठा आहे.

हे जमिनीवरून सहजी साधत नाही, कारण आपली हवाच मध्ये येते. तिच्यात वाफ आहे, कार्बन डायऑक्साइड आहे, आणि जे तिथे शोधायचं तेच इथे वाट अडवून उभं असतं. म्हणून ६.५ मीटरच्या आरशाची ती दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर नेऊन ठेवली आहे. तिच्या स्वतःच्या उष्णतेची अवरक्त झळ मोजमापात मिसळू नये, म्हणून ती शून्याखाली २३० अंशांच्या आसपास थंड राखली जाते.

उजेड वाचून मूलद्रव्य ओळखण्याची ही विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणपट्टीवरून दख्खनमध्ये शिरली. विजयदुर्गावर या दिवसाची आठवण आजही हेलियम दिवस म्हणून जागवतात. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात त्या दिवशी लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. ढगांच्या फटीतून त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांमध्ये तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन झळझळीत रेषा दिसल्या. नारिंगी रेष सोडियमचीच, असं त्यांनी धरलं. गुंटूरला खगोलशास्त्रज्ञ पिअर जान्सेन हेच पाहत होते. हेलियमशी ज्यांचं नाव जोडलं जातं, ते खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर मात्र त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, ती रेष पाहिली आणि ती सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही हे ताडलं. ते हेलियम होतं. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडावं लागलं. आणखी एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अवरक्त उजेड १८०० साली ज्यांनी शोधला, ते विल्यम हर्शेल या लेफ्टनंटांचे आजोबा.

सौरमालेबाहेरच्या ग्रहांच्या बाबतीत आधी सोडियम सापडलं. एचडी २०९४५८ बी या ग्रहाच्या हवेत ते हबल दुर्बिणीने टिपलं आणि २००२ साली ते प्रसिद्ध झालं. हेलियमची पाळी २०१८ मध्ये आली. वास्प-१०७ बी या ग्रहाच्या हवेतून ते अवकाशात निसटून चाललेलं हबललाच दिसलं. म्हणजे जमखंडीच्या ग्रहणानंतर बरोबर दीडशे वर्षांनी.

के२-१८ बी या ग्रहावर जीवसृष्टीची खूण मिळाल्याच्या बातम्या २०२५ मध्ये गाजल्या. त्याच्या हवेतलं मिथेन पक्कं आहे. जिवाशी जोडला जाणारा वायू मात्र मोजमापाच्या धुरळ्यातून अजून स्पष्ट वर आलेला नाही, आणि तो येईपर्यंत घाई करू नये. याउलट भारताने २०१९ मध्ये ज्याचं बारसं केलं, त्या संतमस ग्रहाची गोष्ट अगदी वेगळी आहे. पुण्यातल्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने हे नाव सुचवलं, तेही त्याच्या ढगाळ वातावरणाची कल्पना करून. पण हा ग्रह आपल्या दिशेने पाहता ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही, त्यामुळे त्याची हवा या रीतीने वाचता येत नाही.

वैशाखात रात्री दहाच्या सुमारास लोधिवलीतून दक्षिणेला, माणिकगडाच्या बाजूला, बरंच वर पाहा. तिथे पांढरीशुभ्र चित्रा दिसेल. तिच्या पश्चिमेला, हस्ताच्या बाजूला वास्प-१०७ आहे आणि पूर्वेला, हात लांब करून धरला तर साधारण एका वितीवर वास्प-३९. वास्प-३९ हा बाराव्या प्रतीचा तारा, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. पण वांगणीला रात्रभराच्या आकाशदर्शनाला गेलात आणि तिथे आठ इंची दुर्बीण असेल, तर नकाशा घेऊन तो तारा लावून द्यायला जरूर सांगा.