‘एफ’ नको

महाडच्या बाजारपेठेत एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात उभा होतो. कारागिराने फोन ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, “दोन हजार वाचवले, आणि आता डिस्प्ले नाही.” फोन शिवथरहून आला होता. दोन हजारांचा आणि डिस्प्लेचा संबंध काय, असं विचारलं तर म्हणाला, “चला, दाखवतो.” ऑगस्टची झड लागली होती, तरी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

बिरवाडी मागे पडली, की डोंगर जवळ येतात आणि मोबाइलची रेंज जायला लागते. समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, ती शिवथरघळ याच खोऱ्यात. त्या वाटेवरच्या एका गाळ्यात दाखले, सातबारा, परीक्षेचे फॉर्म असली कामं चालतात. बाकावर चारपाच जण ताटकळत होते. एका आजींनी कारागिराला दारातच गाठलं, “बाला, आज होईल ना?”

कॅबिनेटचं झाकण काढताच ओल धरलेल्या भिंतीसारखा कुबट वास आला. ग्राफिक्स कार्ड बाहेर निघालं. कारागिराने खिशातून शाळेतलं खोडरबर काढलं आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या घासायला लागला. कोकणातल्या पावसाळ्यातला हा पहिला उपचार. रबराचा तो वास, मांडीवर पडलेला काळपट भुगा आणि त्याची ती सावकाश घासणी मला अजून आठवते. कार्ड परत बसवलं. पडदा काळाच. पुन्हा घासलं, पुन्हा काळाच. मग त्याने मॉनिटरची केबल मदरबोर्डच्याच एचडीएमआयला लावली. तिथेही काही नाही.

“येणारच नाही,” तो म्हणाला. “प्रोसेसर 12400 एफ आहे.”

इंटेलने 2010 मध्ये डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच पाकिटात घातले, आणि 2011 पासून दोन्ही एकाच चिपवर आले. एएमडीने 2006 मध्ये एटीआय ही कार्डवाली कंपनी विकत घेतली, तीही याच वाटेने जायला. सांगणारा आणि लिहून घेणारा एकाच घळीत, असं म्हणा हवं तर. पण 2019 पासून इंटेल ‘एफ’ अक्षराचे प्रोसेसरही विकते. त्यात ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो, म्हणून मदरबोर्डच्या एचडीएमआयला काही येत नाही. बाकी सगळं तेच: 12400 घ्या नाहीतर 12400 एफ, कोअर सहाच. भाव मात्र, कारागिराच्या हिशेबाने, दोन हजारांनी कमी. ज्याला दणकट कार्ड लावायचंच आहे, त्याने ते दोन हजार जरूर वाचवावेत.

इथे लावलेलं कार्ड होतं जीटी 710. हे बघून मात्र मला राग आला. प्रोसेसरमधून जे ग्राफिक्स वगळलं, ते या कार्डापेक्षा वेगवान असतं. म्हणजे जास्त वेगाची, आतच येणारी गोष्ट सोडून कमी वेगाची पैसे देऊन विकत घेतली, आणि वर ओल धरायला आणखी एक जोड ठेवला. विकणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

गाळ्याच्या मालकाचा भाचा गेम खेळणारा. “कार्डाशिवाय भारी चालत नाही,” तो हळूच म्हणाला. त्याचंही खोटं नाही. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. म्हणून सोळा जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा आठ-आठच्या दोन लावाव्यात. एकच लावली तर वाटच निम्मी होते. एएमडीच्या ‘5600 जी’ प्रोसेसरवर व्हॅलोरंट मजेत चालतं, पण नवे जडशीळ गेम किंवा ब्लेंडरचं काम असेल तर कार्डच हवं. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांची गोष्ट वेगळी. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडण्याची आणि आवळण्याची खास सोय असते. तिच्यावर त्यांचं बरंच भागतं.

आणि वीज? खोऱ्यात पाऊस लागला, की ती केव्हा जाईल सांगता येत नाही. टेबलाखाली 600 व्हीएचा यूपीएस होता. असले यूपीएस साधारण 360 वॉट पेलतात. आरटीएक्स 3060 सारखं कार्ड एकटंच 170 वॉटपर्यंत ओढतं. सातबारा छापायला एवढं कशाला पोसायचं?

कारागिराने चिठ्ठीवर लिहिलं: ‘12400, एफ नको.’ बोर्ड तोच चालणार होता, फक्त चिप बदलायची. पण ती महाडहून आणायची, म्हणजे उद्यावर गेलं. आजी कागद पिशवीत घालत पुटपुटत उठल्या.

“जुना प्रोसेसर कुणी घेईल का, दादा?” मालकाने विचारलं.

“घेईल कुणीतरी, पडेल भावात. कार्ड कुणी घेणार नाही.”

मालकाने बोटांवर हिशेब केला. “म्हणजे वाचवलेले दोन हजार गेलेच.”

“दोन कुठले? कार्डाचे धरलेच नाहीस.”