जबड्याचा सांधा : विकार कोणता, लेखक कोण
मोजमापाची शास्त्रे — साप्ताहिक लेखमाला

कानाच्या छिद्रापुढे बोट टेकवून तोंड उघडले, की त्वचेखाली हाडाचा एक गोल उंचवटा पुढे सरकल्याचे जाणवते. तो खालच्या जबड्याचा माथा. कवटीच्या कानशिलाच्या हाडात एक उथळ खळगा असतो. माथा आणि खळगा मिळून जबड्याचा सांधा होतो. दोघांच्या मधे तंतुमय कूर्चेची एक चकती असते. तोंड थोडेसे उघडताना माथा जागच्या जागी फिरतो, मोठा ‘आ’ करताना चकतीसकट पुढे घसरतो. उजवा आणि डावा हे दोन सांधे एकाच हाडाची दोन टोके असल्याने त्यांना एकमेकांना सोडून हालता येत नाही. एका बाजूला बिघाड झाला, की जबडा उघडताना त्या बाजूला वळतो आणि दुसऱ्या बाजूवरचा ताण वाढतो.

कुमारवयात या सांध्याला एक जादा काम असते. खालच्या जबड्याची वाढ ज्या कूर्चेतून होते तिचा महत्त्वाचा भाग या माथ्यावरच असतो आणि ही वाढ पौगंडावस्था संपेपर्यंत चालू राहते. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाचा सांधा दुखावला तर दुखणे एवढेच पदरात पडते, पण वाढत्या मुलाचा दुखावला तर हनुवटी मागे राहणे, चेहरा एका बाजूला झुकणे, दात नीट न जुळणे असे परिणामही संभवतात.

विकारांचे गट

सर्वांत जास्त आढळतो तो स्नायूंच्या दुखण्याचा गट. गालातील आणि कानशिलावरील चावण्याचे स्नायू आंबतात. सकाळी जबडा जड वाटतो, चावताना कानशील ठणकते, पुष्कळदा डोकेदुखीही जोडीला असते. झोपेत दात खाणे, दिवसा नकळत दातांवर दात आवळून धरणे, अपुरी झोप आणि मानसिक ताण यांचा या दुखण्याशी संबंध आढळतो.

दुसरा गट चकती सरकण्याचा. चकती माथ्यापुढे सरकलेली असली आणि तोंड उघडताना जागेवर आली, तर कानाजवळ ‘कट्ट’ आवाज होतो. हा आवाज कुमारवयात बराच आढळतो. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर त्यावर सहसा उपचार लागत नाहीत. चकती जागेवर येईनाशी झाली, की आवाज थांबतो आणि तोंड मधेच अडते. कालपर्यंत वाजणारा जबडा आज गप्प झाला आणि घास नेण्याइतकेही तोंड उघडत नाही, अशी तक्रार आली तर दिवस न घालवता तपासणी करावी लागते.

तिसऱ्या गटात खुद्द सांध्याचे आजार येतात. बालवयातील संधिवात या सांध्यातही उतरतो. पुष्कळदा तो दुखत नाही आणि हनुवटी मागे राहू लागल्यावरच ध्यानात येतो. किशोरवयीन मुलींमध्ये क्वचित माथ्याचे हाड झिजत जाते. सायकलवरून, झाडावरून किंवा कबड्डीच्या मैदानात हनुवटीवर पडल्याने माथ्याखालची मान मोडू शकते. लहान मुलात हा अस्थिभंग लक्षात आला नाही, तर पुढे सांधा जखडून तोंड उघडणेच बंद होण्याचा धोका राहतो. म्हणून हनुवटीला टाके पडले, तेव्हाच दोन्ही कानांपुढचा भागही तपासणे इष्ट असते.

तोंड न उघडण्याचे प्रत्येक कारण मात्र सांध्यात नसते. अक्कलदाढेभोवतीचा पू आणि धनुर्वातातील दातखीळ ही दोन वेगळी कारणे. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतील अस्तर ताठर होत जाते, हे तिसरे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी व्यसन लागलेल्या किशोरांमध्ये हा आजार दिसतो. त्यात सांधा धड असतो, अस्तर आक्रसलेले असते. गाल आतून बोटाने चाचपला, की पांढरट, ताठ पट्टे हाताला लागतात आणि निदानाची दिशा बदलते.

दुखणे मोजायचे कसे

‘जबडा दुखतो’ ही तक्रार आकड्यात आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकी कान-नाक-घसातज्ज्ञाने कानाच्या आणि चेहऱ्याच्या तक्रारींचा संबंध या सांध्याशी जोडला. १९७४ मध्ये मार्टी हेल्किमो यांनी लक्षणांना गुण देणारा निर्देशांक मांडला. १९९२ साली ड्वॉर्किन आणि लरेश यांच्या नावाने संशोधनासाठीचे निदान-निकष प्रसिद्ध झाले. ते सुधारून २०१४ मध्ये आलेले निकष आज जगभर वापरले जातात.

या निकषांत हाताचा दाबसुद्धा ठरलेला आहे. गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूवर एक किलो, सांध्याच्या माथ्यावर बाहेरून अर्धा किलो. हा दाब बोटात बसावा म्हणून तपासणारा आधी दाबमापकावर सराव करतो. दाबल्यावर दुखले एवढे पुरत नाही. ‘हे तुझे नेहमीचेच दुखणे का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर यावे लागते. नुसता दाब तर निरोगी स्नायूलाही दुखवतो, म्हणून ही अट. तोंड उघडण्याचे माप वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये पट्टी धरून घेतात. चकती अडकल्याचे निदान करताना, तपासणाऱ्याने बोटांनी मदत करूनही उघडीप, वरच्या दातांची खालच्या दातांवरची उभी चढण धरून, ४० मिलिमीटरपेक्षा कमी भरते का ते पाहतात. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर स्वतःची तीन बोटे उभी करून दातांत बसतात का ते बघावे.

निकष बदलला की रुग्णांची संख्याही बदलते. स्वीडनच्या एका प्रांतात १२ ते १९ वर्षांच्या २८ हजारांहून अधिक मुलामुलींना नेहमीच्या दंततपासणीत दोनच प्रश्न विचारले गेले : कानशील, चेहरा किंवा जबडा आठवड्यातून एकदा किंवा अधिक दुखतो का, आणि तोंड मोठे उघडताना किंवा चावताना तितक्या वेळा दुखते का. २००५ साली नीलसन, लिस्ट आणि ड्रँग्सहोल्ट यांनी निष्कर्ष छापला. दुखणे ४.२ टक्क्यांना होते. मुलींत ६ टक्के, मुलांत २.७ टक्के. वय वाढत गेले तसे मुलींतले प्रमाण वाढले. त्याच मुलांमध्ये ‘कट्ट’ आवाजालाही विकार धरले असते, तर आकडा कितीतरी मोठा आला असता. आणखी एक मर्यादा अशी, की २०१४ चे निकष प्रौढांवर पारखलेले होते. मुलांच्या भाषेत आणि मुलांच्या समजेनुसार बदललेल्या आवृत्त्या अलीकडच्या काही वर्षांतच पुढे आल्या.

लेखक मोजायचे कसे

हे ज्ञान कोणी तयार केले, याचीही मोजदाद होते. त्या शास्त्राला ग्रंथमिती म्हणतात. भारतात त्याचे मूळ एस. आर. रंगनाथन यांच्या विचारात सापडते. ग्रंथालयाच्या कामाला गणित लावण्याची कल्पना त्यांनी १९४८ मध्ये मांडली. त्याआधी १९२६ साली आल्फ्रेड लोटका यांनी रसायन आणि भौतिकशास्त्रातील लेखकांची मोजणी केली होती. त्यांना दिसले, की एकच लेख लिहिणारे शंभर असतील तर दोन लिहिणारे सुमारे पंचवीस, तीन लिहिणारे अकराच्या आसपास. लेख एकापेक्षा अधिक जणांचा असेल, तर लोटका यांनी फक्त प्रमुख लेखकाचे नाव धरले होते. बाकीची नावे त्यांच्या हिशेबातच नव्हती.

जबड्याच्या सांध्यावरच्या वर उल्लेखिलेल्या लेखांपैकी चार घेतले, तर मोजण्याच्या रीती स्पष्ट होतात. १९३४ च्या लेखावर कॉस्टेन यांचे एकट्याचे नाव. १९९२ च्या निकषांवर दोन नावे. २००५ च्या पाहणीवर तीन. २०१४ च्या निकषांवर तीसहून अधिक. के. सुब्रमण्यम यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या सहकार्याच्या मापात एकाहून अधिक लेखकांच्या लेखांना एकूण लेखांनी भागतात. येथे ते तीन भागिले चार, म्हणजे ०.७५ भरते. सरासरी काढली तर दर लेखामागे दहाच्या आसपास लेखक येतात, पण दहा लेखकांचा लेख या चारांत एकही नाही. एकट्या २०१४ च्या लेखाने सरासरी फुगवली आहे.

श्रेय वाटण्याच्या रीतीही तीन-चार आहेत. २००५ च्या लेखाचे पूर्ण श्रेय तिघांनाही दिले तर प्रत्येकाच्या नावे एक लेख. वाटून दिले तर प्रत्येकी एक-तृतीयांश. पहिल्याच नावाला दिले तर नीलसन यांना एक आणि इतर दोघांना शून्य. लिस्ट आणि ड्रँग्सहोल्ट ही दोन्ही नावे २०१४ च्या यादीतही आहेत, त्यामुळे रीत बदलली की त्यांचे एकंदर माप खूपच बदलते. १९९२ मध्ये पहिले असलेले ड्वॉर्किन यांचे नाव २०१४ मध्ये सर्वांत शेवटी आहे. वैद्यकीय लेखनात शेवटची जागा बहुधा ज्येष्ठ मार्गदर्शकाची मानली जाते. यादीत शेवटी म्हणजे कामात शेवटी, असा अर्थ होत नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीसाठी पहिल्या दोनच लेखकांना श्रेय देण्याचे ठरवले, तेव्हा ही प्रथा आणि तो नियम एकमेकांच्या आड आले.

लेखक म्हणवण्याचेही निकष आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनुसार कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी या चारही गोष्टी हव्यात. निव्वळ विभागप्रमुख आहे म्हणून नाव घालणे यात बसत नाही. २०१४ मध्ये पुढे आलेल्या एका पद्धतीत कामाचे चौदा प्रकार ठरवून, कल्पना कोणाची, रुग्ण कोणी तपासले, गणित कोणी केले हे नावानिशी सांगितले जाते.

सातारा-सांगलीच्या चौकटीत

मोजणीच्या या रीती आता सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना लावून पाहू. येथे दंतवैद्यकाच्या अध्यापन संस्था आहेत : कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाची, सांगलीत भारती विद्यापीठाची आणि कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाची. येथील लेखकांची मोजणी करू पाहणाऱ्याची गाडी आधी आडनावांपाशी अडते. सूचीत नाव छापताना ‘पाटील एस.’ असे आडनाव आणि आद्याक्षर उरते. कृष्णाकाठी ‘पाटील एस.’ कोण, हे त्यावरून सांगणे अशक्य आहे. जाधव, शिंदे, पवार, कुलकर्णी यांचीही तीच गत. एखाद्या डॉक्टरांचे लग्नाआधीचे लेख एका आडनावावर आणि नंतरचे दुसऱ्यावर असतात. काहींच्या नावात वडिलांचे आद्याक्षर येते, काहींच्या येत नाही. परिणामी दहा माणसांचे लेख एकाच्या खाती जमा होतात, नाहीतर एका माणसाचे लेख तिघांत विभागले जातात. २०१२ पासून मिळू लागलेला ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी लेखक-क्रमांक यावरचा उपाय आहे. तो सर्व लेखकांनी सर्व लेखांवर दिला तरच उपयोगी पडतो.

दुसरी अडचण विषयाशीच भिडते. दंतवैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रबंध सक्तीचा असतो. विषय ठरणे आणि नैतिक समितीची मान्यता यांत काही महिने जातात. उरलेल्या वेळात शाळेतल्या मुलांची एकदाच तपासणी करून प्रमाण काढता येते. तीच मुले चार-पाच वर्षांनी पुन्हा गाठता येत नाहीत. प्रबंधावरचा लेख छापला, विद्यार्थी पदवी घेऊन दवाखाना थाटतो आणि लोटका यांच्या शंभरांत, म्हणजे एकच लेख लिहिणाऱ्यांत, जमा होतो. कुमारवयातले जबड्याचे दुखणे तर येते, जाते, पुन्हा येते. कोणाचे आपोआप थांबले आणि कोणाचे टिकले, हे एका तपासणीत कळत नाही. म्हणून लेखकांची मोजणी येथे निदानाचे काम करते : त्याच विषयाकडे परतणारे लेखक किती आणि बालदंतवैद्यक, दंतसुधार, मुखशल्य, बालरोग या विभागांची नावे एका लेखावर किती वेळा येतात, यावरून दीर्घकाळ पाठपुरावा होतो आहे की नाही ते समजते.

उपचार आणि पाहणी

वाढत्या वयात उपचाराचे सूत्र साधे आहे : जे मागे घेता येते ते आधी. आजार समजावून सांगणे, शेक, जबड्याचे हलके व्यायाम, थोड्या दिवसांची वेदनाशामके, गरज पडल्यास रात्री दातांवर घालायची पट्टी. दुखण्याच्या दिवसांत दाताने ऊस सोलणे, फुटाणे, चिक्की आणि कडक भाकरी टाळून आमटीत कुस्करलेली भाकरी, मऊ भात, खिचडी घ्यावी. उसाच्या पट्ट्यात हंगामात हा सल्ला पाळणे मुलांना जड जाते, पण तो मोजक्या आठवड्यांपुरताच असतो. केवळ या दुखण्यासाठी दात घासून चावा बदलणे किंवा तारा बसवणे यांना पुरेसा आधार नाही. शस्त्रक्रिया जखडलेल्या सांध्यासारख्या ठराविक कारणांसाठीच राखून ठेवलेली बरी.

पाहणीसाठी यंत्रणा तयारच आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत दातांचे विकार आहेत, जबड्याच्या सांध्याचे नाहीत. स्वीडनमधील दोन प्रश्नांना ‘जबडा आठवड्यातून एकदा तरी अडकतो का?’ हा तिसरा प्रश्न जोडला, तर दर मुलामागे मिनिटभराचे काम वाढते. तेच प्रश्न त्याच मुलांना दर वर्षी विचारले गेले आणि नोंदी महाविद्यालयांच्या विभागांनी एकत्र ठेवल्या, तर एका विद्यार्थ्याची तीन वर्षे संपली तरी पाहणी थांबत नाही. पुढचा विद्यार्थी तीच पुढे नेतो आणि लेखावर दोघांचेही नाव, कामाच्या वाट्यासकट, येऊ शकते.