गिटार इफेक्ट पेडल

गिटार इफेक्ट पेडल (प्रचलित नावे: पेडल, इफेक्ट, स्टॉम्पबॉक्स) हे इलेक्ट्रिक गिटारमधून निघणाऱ्या विद्युत संकेतात बदल करून आवाजाचा पोत पालटणारे, पायाने चालू-बंद करावयाचे छोटे उपकरण आहे. ते गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडले जाते. भजन-कीर्तनाच्या मंडपात मिक्सरवरील ‘इको’ वाढवल्यावर गायकाच्या आवाजामागे जो प्रतिध्वनी उमटतो, तो ‘डिले’ या पेडलच्याच जातीचा परिणाम होय.

इतिहास

1962 मध्ये अमेरिकेत बाजारात आलेले ‘मेस्ट्रो फझ-टोन’ हे या प्रकारातील आरंभीचे प्रसिद्ध पेडल. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरल्यावर त्याची मागणी एकाएकी वाढली. 1977 पासून जपानच्या ‘बॉस’ कंपनीने तळहाताएवढी पेडले आणली आणि हाच आकार पुढे रूढ झाला. महाराष्ट्रात हे तंत्र गिटारपुरते राहिले नाही. मुंबई-कोकणातील बँजो पथकांतला ‘बँजो’ हा वस्तुतः पिकअप बसवलेला बुलबुलतरंग असून त्याचा आवाजही इफेक्टमधून नेला जातो. 2016 च्या रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ या हिंदी चित्रपटाचा विषय हीच पथके आहेत.

प्रमुख प्रकार

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ हे संकेताची शिखरे छाटून आवाज खरखरीत व भरदार करतात. डिले व रिव्हर्ब प्रतिध्वनी आणि सभागृहाचा भास देतात. कोरस व फेझर आवाजाला हेलकावे देतात. वाह-वाह पायाच्या झुकावाप्रमाणे आवाजाचा रंग बदलते. ट्यूनर आवाज बदलत नाही, तरीही सर्वाधिक उपयोगी पेडल बहुधा तेच ठरते.

नवशिक्यांसाठी निवड

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी पेडल वाजवून पाहण्याची सोय सहसा नसते. ते ऑनलाइन मागवावे लागते किंवा अमरावती-नागपूरची फेरी करावी लागते. त्यामुळे चुकीची खरेदी महाग पडते.

पहिला प्रश्न गिटारचा. शिकणाऱ्याकडे बहुधा अकूस्टिक गिटार असते. तिला पिकअप नसेल, तर पेडलला देण्यासाठी संकेतच उपलब्ध नसतो आणि पेडल निरुपयोगी ठरते.

दुसरा प्रश्न, आवाज कशातून ऐकायचा हा. गावात स्वतंत्र गिटार अ‍ॅम्प्लिफायर क्वचितच असतो. गिटार थेट ऑर्केस्ट्राच्या मिक्सरला किंवा घरातील स्पीकरला जोडली जाते. गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर अतितीव्र स्वर आपोआप गाळतो. मंडपातील स्पीकर ते गाळत नाही. म्हणून चित्रफितीत भारदस्त वाटलेले डिस्टॉर्शन पेडल मिक्सरवर माशी भणभणल्यासारखे कर्कश ऐकू येते, आणि दोष पेडलला दिला जातो. अशा परिस्थितीत सुट्या पेडलांपेक्षा, अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर या दोहोंची नक्कल करणारे एकच मल्टि-इफेक्ट यंत्र घेणे अधिक सोयीचे. त्यात ट्यूनर आणि बहुधा तालयंत्रही असते. त्याच्या शेकडो तयार आवाजांत रमून सराव मागे पडतो, ही मात्र त्याची खरी अडचण. ज्याच्याकडे गिटार अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याने ट्यूनर व एक ओव्हरड्राइव्ह यांवर सुरुवात करावी. डिले नंतर घेता येतो.

एकाहून अधिक पेडले असल्यास क्रम महत्त्वाचा असतो. ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब हा रूढ क्रम आहे. डिले आधी व डिस्टॉर्शन नंतर जोडल्यास प्रत्येक प्रतिध्वनीही खरखरीत होऊन सगळे एकमेकांत मिसळते. काही वादक मुद्दाम तसे करतात.

वीजपुरवठा आणि सुरक्षितता

बहुतेक पेडलांना 9 व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो व अडॅप्टरच्या टोकाचा मध्यभाग ऋण असतो. काही कीबोर्डांचे अडॅप्टर 12 व्होल्टचे आणि मध्यभागी धन असलेले असतात. असा अडॅप्टर पेडलला लावल्यास पेडल जळू शकते. साध्या अ‍ॅनालॉग पेडलला अनेकदा 10-20 मिलिअँपिअर पुरतात, तर डिजिटल पेडलला शंभराहून अधिक लागू शकतात. म्हणून पेडलवर छापलेला आकडा पाहूनच अडॅप्टर घ्यावा. बॅटरीवरील पेडलच्या इनपुटमध्ये केबल राहिली, तर वादन थांबले तरी बॅटरी उतरत राहते.

पेडलचे 9 व्होल्ट धोकादायक नसतात. धोका अ‍ॅम्प्लिफायरच्या 230 व्होल्टच्या जोडणीत असतो. तात्पुरत्या मंडपात अर्थिंग तुटलेले असेल, तर गिटारच्या तारांवर हात आणि मायक्रोफोनला ओठ लागताच वादकाला विजेचा धक्का बसू शकतो. 1972 मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श झाल्याने रंगमंचावरच मृत्यू झाला. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत म्हणूनच घातक आहे. गुणगुण येत असल्यास सर्व यंत्रे एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यावीत आणि केबल बदलून पाहावी.