फॅन्सना हवा होता अलोन्सो, खुर्ची मिळाली स्लॉटला. फुटबॉल क्लब मॅनेजर निवडतात तरी कसे?

२६ जानेवारी २०२४. युर्गन क्लॉपचा व्हिडिओ आला आणि लिव्हरपूलचे फॅन्स हादरले. सीझन संपला की आपण क्लब सोडणार, असं त्याने सांगून टाकलं होतं. लगेच सगळीकडे एकच नाव फिरायला लागलं, झाबी अलोन्सो. लिव्हरपूलचा जुना खेळाडू आणि त्यात त्याची लेव्हरकुसेनची टीम हरायचं नावच घेत नव्हती.

पण खुर्ची मिळाली आर्ने स्लॉटला. हे कसं झालं?

जुनी पद्धत : मोठा माणूस सांगेल तो

२०१३ मध्ये सर ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडमधून निवृत्त झाले. वारसदार म्हणून त्यांनी डेव्हिड मॉयसचं नाव पुढे केलं. क्लबने थेट सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. दहा महिन्यांत मॉयसला नारळ मिळाला.

नवी पद्धत : आधी खेळ ठरवा, मग माणूस

आता बऱ्याच क्लबमध्ये हे काम स्पोर्टिंग डायरेक्टर बघतो. आपली टीम कशी खेळते, हातात कोणते खेळाडू आहेत, त्यांना कोण सुधारू शकेल, हे आधी ठरतं. मग डेटा तपासला जातो.

नुसता पॉइंट्स टेबल बघून भागत नाही. २०१४-१५ मध्ये क्लॉपची डॉर्टमुंड सातवी आली होती. पण टीमचा खेळ निकालांपेक्षा बराच चांगला होता, नशिबाने दगा दिला, असं लिव्हरपूलचा डेटा सांगत होता. २०१५ मध्ये लिव्हरपूलने क्लॉपला आणलं. पुढे काय घडलं ते माहितीच आहे.

मग परवानगी आणि पैसा

कॉन्ट्रॅक्टमध्ये असलेला कोच हवा असेल, तर आधी त्याच्या क्लबशी बोलावं लागतं आणि भरपाई मोजावी लागते. शिवाय कोचची स्वतःची तयारी हवी. मार्च २०२४ मध्ये अलोन्सोने लेव्हरकुसेनमध्येच थांबायचं जाहीर केलं आणि तो विषय संपला.

लिव्हरपूलचे स्पोर्टिंग डायरेक्टर रिचर्ड ह्यूज स्लॉटकडे वळले. त्याने २०२३ मध्ये फेयेनूर्दला डच लीग जिंकून दिली होती आणि त्याची टीम आक्रमक खेळायची. त्याला पद मिळालं ते मात्र ‘हेड कोच’चं, ‘मॅनेजर’चं नाही. म्हणजे मैदान कोचचं, खेळाडूंच्या खरेदीविक्रीची सूत्रं डायरेक्टरकडे.

पहिल्याच सीझनमध्ये, जवळपास क्लॉपच्याच टीमला घेऊन, स्लॉटने प्रीमियर लीग जिंकली.

मग फॅन्सचं काही चालतच नाही का?

चालतं, पण बहुतेक वेळा हाकलण्याच्या बाबतीत. स्टेडियममध्ये आणि सोशल मीडियावर ओरडा वाढला की मालकांवर दबाव येतो. पण फर्ग्युसन १९८६ मध्ये युनायटेडला आले आणि पहिली ट्रॉफी मिळाली १९९० मध्ये. मधल्या काळात त्यांना हटवा म्हणणारेही होतेच.

तेव्हा क्लबने ऐकलं असतं, तर पुढच्या १३ लीग ट्रॉफी कुणी आणल्या असत्या?