जमैकाच्या रस्त्यावरचा फराळ

जमैका म्हटले की आपल्याकडील पुरुषमंडळींना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे क्रिकेट! १९७१ साली दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनच्या सबिना पार्कवर २१२ धावा काढल्या, ही कथा आमच्या घरी पुराणासारखी सांगितली जाते. पण यजमानांच्या नोकरीमुळे त्या शहरात काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा माझे मन रमले ते तिथल्या रस्त्यावरच्या खाऊत. दिवाळीनिमित्त त्याचेच ताट वाचक भगिनींपुढे मांडते.

पहिला मान पॅटीचा. आकार थेट आपल्या करंजीचा, रंग हळदीचा, नि आत झणझणीत खिमा. त्यातली 'स्कॉच बॉनेट' मिरची दिसायला गोंडस, पण आपल्या लवंगी मिरचीला मागे सारील अशी! शाळेतील मुले ही पॅटी 'कोको ब्रेड' नावाच्या मऊ, गोडसर पावात घालून खातात. आपल्या वडापावाचे हे सातासमुद्रापलीकडचे भावंडच. सारण भरलेल्या पारीची कल्पना इंग्रजांची, पण मसाल्यावर छाप आपल्या देशाची. १८४५ साली 'ब्लंडेल हंटर' जहाजातून पहिले गिरमिटिये मजूर तिथे उतरले. पुढे सत्तर वर्षे असे मजूर उसाच्या मळ्यांत राबायला येत राहिले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांची करी नि रोटी आता साऱ्या बेटाची झाली आहे.

'बॅमी' ही कसाव्याच्या कंदाची जाड भाकरी. आपला उपासाचा साबुदाणा होतो तो याच कंदापासून! कडू जातीच्या कसाव्यात विष असते, म्हणून तो किसून, पिळून, रस काढून टाकावा लागतो. ही युक्ती बेटाच्या मूळ रहिवाशांची, तायनो लोकांची. स्पॅनिश अमलात ते लोक जवळजवळ नामशेष झाले. त्यांची भाकरी मात्र आजही नारळाच्या दुधात भिजवून, तळून, माशांबरोबर खाल्ली जाते.

खारवलेल्या कॉड माशाच्या भज्यांना तिथे 'स्टँप अँड गो' असे गमतीदार नाव आहे. त्यामागचा इतिहास मात्र गमतीचा नाही. मळ्यांवरील गुलामांना पोसण्यासाठी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून हा मासा येई, तोही हलक्या प्रतीचा. त्याच शिध्याला कांदा-मिरचीची फोडणी देऊन त्या माउल्यांनी चव आणली.

'जर्क'ची गोष्ट याहून तेजस्वी. मळ्यांवरून निसटून डोंगरात राहिलेल्या 'मरून' लोकांनी इंग्रजांना इतके जेरीस आणले की १७३९ साली इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. रानडुकराचे मांस मिरची-मसाल्यात मुरवून, पिमेंटोच्या ओल्या लाकडावर भाजण्याची रीत त्यांची. पिमेंटोच्या फळांना लवंग, दालचिनी नि जायफळ एकत्र कुटल्यासारखा वास येतो. आज बोस्टन बे गावी रस्त्याकडेला हे मांस भाजत असते; सोबत 'फेस्टिव्हल' नावाची मक्याच्या पिठाची गोडसर लांबट भजी.

शाकाहारी भगिनींनी निराश होऊ नये. गोडाचे ताट त्यांचेच आहे. 'गिझाडा' म्हणजे काठाला चिमटे घेऊन केलेली उघडी वाटी, आत ओल्या खोबऱ्याचे जायफळ घातलेले गोड सारण. 'डकुनू'साठी मक्याचे पीठ किंवा किसलेले रताळे नारळाच्या दुधात कालवून केळीच्या पानात बांधतात नि उकडतात; आपल्या पातोळ्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हे नाव नि ही रीत पश्चिम आफ्रिकेतली. तिथे त्याला 'ब्लू ड्रॉअर्स', म्हणजे निळी चड्डी, असेही म्हणतात! आणि चिंचेच्या गोळ्या तर घरीही होतील. बिया काढलेली चिंच साखर नि चिमूटभर मिरपूड घालून मळावी, गोळ्या वळाव्यात आणि पुन्हा साखरेत घोळवाव्यात.

हे सारे रस्त्यावर आले कसे? मळेवाल्यांनी आपला खर्च वाचवण्यासाठी गुलामांना डोंगरउतारावर जमिनीचे तुकडे दिले होते, स्वतःचे अन्न पिकवायला. उरलेले कंद, फळे, खाद्यपदार्थ घेऊन बायका मैलोन् मैल चालत रविवारच्या बाजाराला येत. ज्यांचा स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांच्या हाती स्वतःचे म्हणून पडणारे चार पैसे ते हेच. १८३८ साली पूर्ण मुक्तता मिळाली तेव्हा विक्रीची ही विद्या त्यांच्या गाठीशी होती. अशा विक्रेत्या बायांना तिथे 'हिग्लर' म्हणतात. किंग्स्टनच्या कॉरोनेशन मार्केटात आजही त्यांचेच राज्य आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका आजींनी याच गोळ्या नि गिझाडे विकून दोन मुलींना शिक्षिका केले. मी घासाघीस करू लागले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "बाई, साखर स्वस्त आहे, पण हात माझे आहेत." ज्या बेटावर त्यांच्या पूर्वजांचे हातही दुसऱ्याच्या मालकीचे होते, तिथे या वाक्याचे मोल काय सांगावे!