आतड्यातील जीवाणू, प्रतिकारसंस्था आणि नैराश्य

रोगजंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींचा शोध लावल्याबद्दल इल्या मेचनिकोव्ह यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आंबवलेल्या दुधातील जीवाणू आतड्याला हितकारक असतात, हे मतही याच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आग्रहाने मांडले. त्याच सुमारास लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील डॉ. जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी विषण्णतेच्या १८ रुग्णांना दुग्धाम्ल जीवाणू दिले आणि त्यांपैकी ११ जण पूर्ण बरे झाल्याचे १९१० मध्ये नोंदवले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे हा पुरावा दुबळाच म्हणावा लागेल. पण आतडे आणि मन यांचा संबंध उपचारासाठी पडताळून पाहण्याची कल्पना एका शतकाहून जुनी आहे, हे त्यावरून कळते.

आतडे आणि मन यांना जोडणाऱ्या साखळीतील सर्वांत भक्कम दुवा प्रतिकारसंस्थेचा आहे. संसर्ग झाला की प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने स्रवतात. त्यांचे संकेत मेंदूपर्यंत पोहोचतात आणि भूक मरते, अंग गळून जाते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, आवडीच्या गोष्टींतही रस उरत नाही. या अवस्थेला ‘आजारवर्तन’ म्हणतात. शरीराची शक्ती रोगाशी झुंजण्यासाठी राखून ठेवणारी ही निसर्गाची योजना आहे. नैराश्याच्या लक्षणांशी तिचे इतके साम्य आहे की त्याकडे काणाडोळा करणे शक्य नव्हते. हेपटायटिस-सीवर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा हे सायटोकाइनच औषध म्हणून दिले जाई. ते घेणाऱ्या अनेकांना उपचाराच्या काळातच नैराश्य जडत असे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्वचेच्या कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांना पॅरॉक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध आधीपासून दिल्यावर असे नैराश्य लक्षणीय प्रमाणात टळले.

हे घडते कसे, याचे एक रासायनिक स्पष्टीकरण उपलब्ध आहे. आहारातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन तयार होते. शोथ, म्हणजे दाहाची प्रक्रिया, वाढली की एक विकर सक्रिय होते आणि अधिकाधिक ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिनच्या मार्गाकडे वळते. त्या मार्गावर निर्माण होणारे क्विनोलिनिक आम्ल चेतापेशींना अपायकारक असते.

मात्र नैराश्याच्या प्रत्येक रुग्णात शोथ वाढलेला नसतो, आणि हा भेद फार महत्त्वाचा आहे. औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर झालेली इन्फ्लिक्सिमॅब या शोथरोधक औषधाची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण गटात त्याचा लाभ दिसला नाही; परंतु रक्तातील सीआरपी हे शोथदर्शक प्रथिन ज्यांच्यात जास्त होते, त्यांच्यात सुधारणेची चिन्हे दिसली.

आता आतड्याकडे वळू. मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात असतात. प्रतिकारपेशींचा फार मोठा साठाही आतड्याच्या भित्तीतच असल्यामुळे या दोहोंचा संवाद अखंड चालतो. तंतुमय अन्न आंबवून जीवाणू ब्युटिरेटसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. ती आतड्याचे अस्तर मजबूत ठेवतात आणि शोथाला आवर घालतात. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिनही आतड्यातच तयार होते. ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे ‘आनंदाचे रसायन पोटात बनते’ हे लोकप्रिय विधान दिशाभूल करणारे आहे.

जीवाणूंच्या प्रभावाचा पहिला ठोस पुरावा २००४ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातून आला: जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांची ताणाला होणारी संप्रेरकीय प्रतिक्रिया अतितीव्र होती. आयर्लंडमधील कॉर्कच्या संशोधकांनी २०११ मध्ये एका लॅक्टोबॅसिलस जीवाणूमुळे उंदरांतील चिंतासदृश वर्तन कमी झाल्याचे दाखवले. पोट आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस चेता कापल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. २०१६ मध्ये नैराश्यग्रस्त माणसांच्या विष्ठेतील सूक्ष्मजीव उंदरांच्या आतड्यात सोडले असता त्यांच्यातही तशी लक्षणे उमटली.

माणसांतील पुरावा अद्याप बहुतांशी सहसंबंधाच्या पातळीवर आहे. २०१९ मध्ये बेल्जियममधील हजाराहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांमध्ये कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जीवाणू कमी आढळले. नैराश्यात जेवणखाण, झोप आणि हालचाल बदलते, तसे जीवाणूही बदलतात. म्हणून यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एवढ्यावरून ठरत नाही. आहाराच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष चाचणी झाली आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ६७ रुग्णांना १२ आठवडे एकतर आहाराचे मार्गदर्शन किंवा केवळ सोबत-संवाद देण्यात आला. भाज्या, कडधान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर असलेल्या गटातील जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांची लक्षणे ओसरली. दुसऱ्या गटात हे प्रमाण आठ टक्के होते. चालू असलेली औषधे किंवा मानसोपचार बंद करण्याचे समर्थन यातून निघत नाही, कारण आहार हा तेथे पूरक उपचार होता.

आपल्याकडे पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्ससारख्या संस्थांत भारतीयांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास झाला आहे. धान्ये आणि डाळी मुबलक खाणाऱ्या भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला हा जीवाणू विशेष प्रमाणात आढळतो, तर पाश्चात्त्य देशांत अनेकदा बॅक्टेरॉइड्सचे प्राबल्य असते. मूळ वसाहतच वेगळी असल्यामुळे बेल्जियममध्ये दिसलेली कोप्रोकॉकसची उणीव भारतीय रुग्णांतही तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी येथील रुग्णांचाच अभ्यास व्हायला हवा.